गावात पीपीटी घेऊन जाताय ना, मग या चुका टाळा

प्रेझेंटेशन द्यायचं ठरलं की आपण पहिलं काम काय करतो, तर लॅपटॉप उघडतो आणि पॉवरपॉइंट सुरू करून स्लाइडी टाईप करायला लागतो. चूक तिथेच होते. मी गेली बारा-तेरा वर्षं जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावांमधून कापूस आणि केळीवर शेतकऱ्यांच्या बैठका घेतोय, आता नवीन पोरं-पोरी या कामात येताय, त्यांच्या बैठकांना मागे बसून ऐकतो, आणि ज्या चुका मी केल्या त्याच पुन्हा होताना दिसतात म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतोय.

सुरुवातीच्या काळात पारोळ्याकडच्या एका गावात गुलाबी बोंडअळीवर बोलायला गेलो होतो. ४६ स्लाइडी होत्या. अळीचं शास्त्रीय नाव, जीवनचक्र, अंडी, कोष, पतंग, मग राज्याचे आकडे, मग औषधांचा भलामोठा तक्ता. तासभर बोललो, लोक शांत बसलेले, मला वाटलं मस्त चाललंय. शेवटी एक आबा उठले आणि म्हणाले, "हाई समदं ठीक शे, पन आते आमले काय करनं शे ते सांग ना भाऊ." आणि मला एका वाक्यात सांगताच येईना! कारण ते एक वाक्य मी तयारच केलं नव्हतं.

तेव्हापासून लॅपटॉपला हात लावायच्या आधी कोऱ्या कागदावर एक ओळ लिहितो. हा माणूस इथून उठून घरी गेल्यावर नेमकं काय करणार? बोंडअळीसाठी ती ओळ अशी होते: फरदड (वेचणी झाल्यावर तेच पीक पुढे चालू ठेवणं) ठेवायची नाही, फुलं लागायच्या सुमारास एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावायचे, एका सापळ्यात सलग ३ दिवस रोज ८ किंवा जास्त पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्यायचा, आणि डोमकळी (आत अळी असल्याने न उमलता मिटलेलं फूल) दिसली की तोडून नष्ट करायची. बस. या ओळीला जी स्लाइड मदत करत नाही ती काढून टाका, कितीही मेहनतीने बनवलेली असली तरी. माझ्या ४६ च्या ११ झाल्या आणि बैठक तासाची चाळीस मिनिटांवर आली, उरलेल्या वेळात लोक प्रश्न विचारायला लागले जे आधी कधी होतच नव्हतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, समोरचा माणूस आत्ता काय करतोय हे माहीत नसेल तर ती ओळ पण चुकते. आपल्याकडे पाण्याची सोय असलेले बरेच जण मे महिन्यातच हंगामपूर्व कापूस लावतात, आणि आपण जाऊन सरळ "मे मध्ये लावू नका" म्हटलं की अर्धा हॉल मनातून उठून जातो. आधी विचारा, किती जणांनी लावला, का लावला, मागच्या वर्षी काय भाव मिळाला, मजूर कधी मिळतात. मग लवकर लावलेल्या कापसाच्या पात्या म्हणजे कळ्या आणि फुलांवर अळीची पहिली पिढी कशी पोसली जाते ते सांगा. माणूस ऐकतो, पटलं नाही तर वाद घालतो, पण ऐकतो.

आकडे हेक्टरमध्ये सांगणे

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. शिफारशी सगळ्या हेक्टरी असतात आणि आपण तशाच स्लाइडवर चिकटवतो. शेतकरी एकरात विचार करतो, खत गोणीत मोजतो, औषध पंपात मोजतो. "हेक्टरी १०० किलो नत्र" असं लिहिलेलं वाचून कोणाच्या डोक्यात काय चित्र उभं राहणार? हिशोब आपण करून न्यायचा. सगळं नत्र युरियातूनच द्यायचं धरलं तर युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे हेक्टरी साधारण २१७ किलो युरिया, एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर, म्हणून एकरी ८८ किलो, आणि गोणी ४५ किलोची, म्हणजे एकरी जवळपास दोन गोण्या, त्या पण एकदम नाही तर हप्त्या-हप्त्याने. स्लाइडवर फक्त "एकरी २ गोण्या, हप्त्याने" एवढंच मोठ्या अक्षरात. बाकीचा हिशोब कोणी विचारला तर खिशातल्या कागदावर तयार असू द्या, विचारणारे असतात आणि ते बरोबर पकडतात.

शब्दांचं पण तसंच. रावेर-यावल पट्ट्यात केळीवर बोलताना "कुकुंबर मोझॅक व्हायरस" असं लिहिलं तर काही जणांना कळतं, पण "हरण्या" म्हटलं की अख्ख्या हॉलला कळतं. मग मावा कीड तो कशी पसरवते, रोगट रोप उपटून का नष्ट करायचं, बागेच्या आजूबाजूला काकडी-भोपळावर्गीय पिकं का नको, हे सगळं पुढे सोपं जातं. आणि बोली सगळीकडे एक नाही हे विसरू नका. अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी, रावेर-यावलला लेवा बोली, धडगाव-अक्कलकुव्याला गेलात तर भिली-पावरी, तिथे गावातलाच एखादा शिकलेला मुलगा आधी गाठा आणि त्याच्यासोबत अर्धा तास बसून शब्द ठरवून घ्या. अहिराणी येत नसेल तर ओढूनताणून बोलू नका, लोकांना ते नाटक वाटतं, साधी मराठी बोला पण हळू बोला. येत असेल तर मात्र बिनधास्त बोला, लाज कसली.

वेळ आपल्या सोयीने ठरवणे

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, आणि पत्र्याच्या सभागृहात दुपारी दोनची बैठक ठेवली तर जगातला कितीही भारी वक्ता आणा, लोक रुमालाने वारा घेत बसणार. सकाळी आठ नाहीतर संध्याकाळी जेवणाच्या आधी. बाजाराचा दिवस टाळा, लग्नाची दाट तिथ टाळा. आणि शेतीपंपाला रात्रीच्या वीजपुरवठ्याचा आठवडा असेल तर माणूस रात्रभर पाणी भरून आलेला असतो, त्याला सकाळी बोलावू नका. हे सगळं एका फोनमध्ये कळतं.

आणि कार्यक्रमपत्रिकेत तुम्हाला ३० मिनिटं लिहिली असतील तर ३० मिळणार नाहीत. दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मग "दोन शब्द" बोलणारे तिघं-चौघं, आणि तुमच्या हातात माईक येतो तेव्हा १२ मिनिटं उरलेली असतात आणि मागून चहाचा वास यायला लागलेला असतो. तेव्हा भरभर सगळ्या स्लाइडी पळवणे ही फार मोठी चूक आहे, त्यातून काहीच पोहोचत नाही. घरूनच दोन आवृत्त्या ठरवून या, तीस मिनिटांची आणि दहाची. दहाच्या आवृत्तीत कोणत्या चार स्लाइडी दाखवायच्या त्यांचे नंबर कागदावर लिहून ठेवा, स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवर नंबर दाबून एंटर केलं की थेट त्या स्लाइडवर जाता येतं, मधल्या स्लाइडी लोकांना दिसत पण नाहीत.

स्लाइडवर काय नको

परिच्छेद नको. स्लाइडवर लिहिलेलं पाठ फिरवून वाचून दाखवणं हे तर नकोच नको, वाचायला येणारे तुमच्या आधी वाचून मोकळे होतात आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तुमची पाठ दिसते. अमेरिकन लेखक गाय कावासाकी यांचा १०-२०-३० चा नियम बऱ्याच जणांना माहीत असेल, १० स्लाइडी, २० मिनिटं आणि ३० पॉइंटपेक्षा लहान अक्षर नाही. तो धंद्यासाठी पैसे मागायला जाणाऱ्या लोकांसाठी सांगितलेला आहे, आपण अगदी तसाच पाळायची गरज नाही, पण ३० पॉइंटची अट मात्र पाळाच. मराठीत काना-मात्रा-वेलांटी वर-खाली जाते, जोडाक्षरं असतात, त्यामुळे लहान अक्षर लांबून नुसतं काळं दिसतं. घरी स्लाइड पूर्ण स्क्रीनवर लावून दहा-बारा फूट मागे उभं राहून वाचा. कळलं नाही तर मागच्या रांगेला पण कळणार नाही.

ग्रामपंचायतीच्या हॉलला पडदे नसतात, उजेड येतो, तिथे पांढऱ्यावर पिवळं किंवा फिक्कं हिरवं अक्षर पार उडून जातं. पांढरी पाटी, काळं किंवा गडद निळं अक्षर, एवढं साधं ठेवा. रोगाचा फोटो एका स्लाइडवर एकच, पूर्ण पडद्याएवढा. फोटो व्हॉट्सअपवरून मागवला असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर तो दाबून छोटा होतो आणि पडद्यावर पानावरचे ठिपके फुटलेले दिसतात.

पण खरं सांगू का, फोटोपेक्षा वस्तू न्या. कामगंध सापळा हातात द्या, ल्यूर (आतली वासाची वडी) कशी बसवायची ते एखाद्या ताईलाच करायला सांगा. डोमकळी प्लास्टिकच्या पिशवीत नेऊन फोडून आतली अळी दाखवा, सगळे खुर्च्या सोडून पुढे येतात. केळीचं हरण्या झालेलं रोप मात्र गावोगाव घेऊन फिरू नका, त्याचा फोटोच दाखवा किंवा तिथल्याच कोणाच्या बागेत सगळ्यांना घेऊन जा.

ऐन वेळी जे बिघडतं

फॉन्टचं आधी सांगतो. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की सगळी कचरा अक्षरं, हे मी एका मोठ्या मेळाव्यात शेकडो लोकांसमोर भोगलंय. युनिकोडमध्येच टाईप करा, मंगल किंवा निर्मला चालतो, आणि सोबत पीडीएफ कॉपी ठेवा, पेनड्राईव्हमध्ये एक आणि मोबाईलमध्ये एक.

प्रोजेक्टर जोडला तरी पडद्यावर काही येत नाही? आधी वायर घट्ट आहे का बघा, मग प्रोजेक्टरच्या रिमोटवर सोर्स बदलून बघा, मग लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पी दाबून डुप्लिकेट निवडा, बहुतेक वेळा इथेच काम होतं. जुन्या प्रोजेक्टरला निळी व्हीजीए वायर असते आणि नवीन लॅपटॉपला फक्त एचडीएमआय, म्हणून कन्व्हर्टर स्वतःच्या बॅगेत ठेवा, कोणाकडे मिळेल या भरवशावर जाऊ नका. व्हिडिओ दिसतो पण आवाज येत नाही, तर एचडीएमआय लावल्यावर आवाज प्रोजेक्टरकडे गेलेला असतो, साउंडमध्ये जाऊन स्पीकर निवडा. व्हिडिओ यूट्यूबवरून लाइव्ह दाखवायच्या फंदात पडू नका, सातपुड्याच्या पायथ्याला नेटवर्क कधी सोडून जाईल सांगता येत नाही, डाउनलोड करून न्या. लॅपटॉपवर व्हॉट्सअप उघडं असेल तर बंद करा, घरचे मेसेज पडद्यावर येतात.

माईक किंचाळत असेल तर तुम्ही स्पीकरच्या समोर उभे आहात, स्पीकरच्या मागच्या बाजूला सरका.

आणि लाईट गेली तर? जाईलच असं धरून चला. लोकांना "दहा मिनिटं थांबा" म्हणून बसवून ठेवलं की ते उठतात, आणि उठलेले परत येत नाहीत. मी आता जाड मार्कर आणि चार-पाच मोठे ड्रॉइंग पेपर कायम गाडीत ठेवतो. लाईट गेली की व्यासपीठ सोडायचं, खुर्च्या अर्धगोल करायला सांगायच्या, लोकांच्या मधे जाऊन उभं राहायचं आणि कागदावर चित्र काढत बोलायचं. एरंडोलकडच्या एका गावात अशीच लाईट गेली होती, तिथे झालेली चर्चा मला अजून आठवते कारण त्या दिवशी पहिल्यांदा बायका बोलल्या. निंदणी, वेचणी सगळं त्या करतात, डोमकळी सगळ्यात आधी त्यांना दिसते, आणि बैठकीत त्या मागे दाराजवळ बसलेल्या असतात. पडदा पुढे असला की आपण पुढच्या दोन रांगांशीच बोलतो. लाईट असतानाही एक चक्कर मागे मारत जा, प्रश्न पुढे विचारतो तसे मागेही विचारा.

प्रश्नांच्या वेळी घाई

"कोणाला काही शंका?" असं विचारून दोन सेकंदात "धन्यवाद" म्हणून मोकळे होऊ नका. माणसाला प्रश्न जुळवायला वेळ लागतो. मनात दहा आकडे मोजा, ती शांतता जड वाटते पण कोणीतरी बोलतंच. "शंका आहे का" पेक्षा "तुमच्या वावरात हे करायला काय अडचण येईल" असं विचारलं तर जास्त बोलतात. आलेला प्रश्न माईकवर पुन्हा सांगा, मागच्यांना तो ऐकू आलेलाच नसतो. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, विचारणाऱ्याचा नंबर लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी विचारून खरंच फोन करा. अंदाजाने औषधाचं प्रमाण सांगितलं आणि कोणाचं पीक जळलं तर त्या गावात परत तोंड दाखवता येत नाही, आणि ते नुकसान कोणी भरून देत नाही.

तयारीबद्दल एकच सांगतो, मनात वाचणे म्हणजे सराव नाही. उभं राहून, मोठ्याने, मोबाईलवर रेकॉर्ड करत एकदा पूर्ण बोला. माझ्या पुतणीचं कॉलेजचं प्रोजेक्ट प्रेझेंटेशन होतं, तिने सगळं पाठ केलेलं, तिसऱ्या वाक्याला अडकली की पहिल्यापासून सुरू करायची. तिला म्हटलं पाठांतर सोड, फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पक्कं कर, मधलं तुला येतंच आहे, आजीला समजावून सांगते तसं सांग. आजीला समोर बसवून तिने तीन वेळा सांगितलं. आजीने मधेच विचारलेले दोन प्रश्न कॉलेजमध्ये परीक्षकांनी पण विचारले.

बैठक संपल्यावर अख्खी पीपीटी गावाच्या ग्रुपवर टाकू नका, कोणी उघडत नाही. एक पान करा, त्यावर ती सुरुवातीची ओळ, एकरी हिशोब आणि एक फोटो, ते ग्रुपवर टाका आणि पाच-दहा झेरॉक्स गावच्या विकास सोसायटीत नाहीतर खताच्या दुकानात लावून द्या. खाली आपला नंबर मोठ्या अक्षरात लिहा. फोन रात्री नऊनंतर येतात, दिवसभर माणूस वावरात असतो ना, तेवढे उचला.