जुना पाट मोकळा करताय? आधी या चुका टाळा

गेली तीन वर्षं दर रविवारी आम्ही दहा-पंधरा जण कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात शेताला पाणी नेणाऱ्या जुन्या दगडी पाटावर श्रमदान करतोय. ओढ्यावरचा बंधारा, तिथून शिवारात उतरणारा चुन्यातला पाट, दोन मोऱ्या आणि जादा पाणी बाहेर सोडणारा एक सांडवा, एवढंच काम. पण पहिल्या वर्षी आमच्याच हातून त्याचं जे नुकसान झालं, ते अजून सलतं. नव्यानं काम हाती घेणाऱ्यांकडून तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

गाळ काढताना तळ खणला

सगळ्यात मोठी चूक ही. गाळ किती, मूळ तळ कुठं, हे न बघता आम्ही टिकाव चालवले. चुन्याचा टणक थर लागला तो आम्हाला वाळलेला गाळच वाटला. पंधरा-वीस फुटांत तो फोडून आम्ही अर्धा हात खाली गेलो. पहिला पाऊस पडला तसं पाणी तिथंच डबक्यासारखं थांबलं आणि फुटलेल्या तळातून मुरून गेलं. गावातले तात्या, ज्यांचे वडील पाटाचं पाणी वाटणारे पाटकरी होते, ते बघायला आले. बादलीभर पाणी ओतून ते त्याच्या बाजूनं चालत राहिले. पाणी थांबलं तिथं तेही थांबले आणि म्हणाले, "पोरांनो, पाट म्हंजे ढाळ. ढाळ मोडला की नुसता चर उरतो." ढाळ म्हणजे पाणी पुढं सरकवणारा हलका उतार.

म्हणून आधी दर पन्नास फुटांवर हातभर रुंदीचा खड्डा घेऊन मूळ तळ शोधा. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पातळी धरतात, तशीच प्रत्येक खड्ड्यात पातळी घेऊन वहीत लिहा. मगच फावडं उचला. जेसीबी तर पाटात उतरवूच नका. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर (बांधकाम 1719 ते 1724) पाहायला गेलात तर वर मोटांच्या जागेपाशी थोडं थांबा. मोटेतून ओतलेलं पाणी आमराईकडं आपसूक निघावं, हा हिशेब त्या काळच्या माणसांनी केला होता. तसाच आपल्या पाटाचा ढाळही बोटभर हलवायचा नाही.

दर्जांत (दगडांमधल्या सांध्यांत) सिमेंट भरलं

दगड सुटलेले दिसले की हात सिमेंटच्या पोत्याकडं जातो. आमचाही गेला. सिमेंट कडक, मागचा चुना मऊ, दोघांची सांगड बसत नाही. वरून आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, ते आतला चुना धुऊन नेतं आणि पुढच्या पावसाळ्यात दगड सिमेंटच्या खपलीसकट निघून येतो. आमचे चार दगड असेच निखळले.

चुनाच वापरा. विरवलेला चुना पाण्याखाली निदान काही आठवडे मुरू द्या. आम्ही एक भाग चुन्याला तीन भाग वाळू आणि विटांची सुरखी म्हणजे भुकटी घेतो, पण आधी हातभर जागेत करून बघतो. दर्जा भरल्या की ओलं गोणपाट टाकून आठवडाभर तरी ओलावा टिकवायचा. उन्हात वाळलेला चुना भुगा होतो. चुन्याचं काम येणारा म्हातारा गवंडी पंचक्रोशीत सापडला तर त्याला मजुरी देऊन आणा. फुकट बोलवू नका.

पिंपळ उपटला

भिंतीतलं रोप बोटाएवढं असेल तर उपटा. मनगटाएवढं झालं असेल तर ओढू नका, मुळाबरोबर दगडांची रांग येते. बुंधा कापा, फुटवे येतील तसे काढत राहा. दगड सुटणारच असतील तर आधी खडूनं आकडे घालून फोटो काढा.

गाळ वरच्या काठावर टाकला

पावसानं तो पुन्हा पाटात येतो. खालच्या अंगाच्या शेतकऱ्याला विचारा, आनंदानं नेईल. या विचारण्यानं आणखी एक गाठ सुटते. पाटाच्या काठापर्यंत ज्यांची नांगरट आलीय त्यांच्याशी भांडणाऐवजी बोलणं सुरू होतं.

परवानगी नंतर बघू म्हटलं

कराडजवळच्या खोडशीच्या कृष्णा कालव्यासारखा वाहता कालवा असेल तर तो जलसंपदा विभागाचा. तिथं परस्पर हात लावायचा नाही. वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. बाकी ठिकाणी भूमी अभिलेखातून नकाशा काढा आणि ग्रामपंचायतीचा ठराव घ्या.

आणि काम संपल्यावर पाणी एकदम सोडू नका. आधी पाव पाट सोडा. एकानं सांडव्यावर उभं राहायचं, दुसऱ्यानं काठानं पाण्याबरोबर चालायचं. जिथं झिरपेल तिथं खडूची खूण करून पाणी तोडायचं आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच दर्ज पुन्हा भरायची.