जैवविविधतेत काम करायचंय? मग नोंदवहीपासून सुरुवात करा

निकाल लागले की जैवविविधतेत काम करायची इच्छा असलेली मुलंमुली भेटायला येतात. बहुतेकांच्या डोक्यात वाघ असतो, नाहीतर कॅमेरा. पुण्यात पहिलं काम मात्र बऱ्याचदा लोक जैवविविधता नोंदवहीचं, म्हणजे गावातल्या झाडाप्राण्यांची आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेल्या माहितीची वही करण्याचं, मिळतं. त्यात वाघ क्वचितच. रानभाज्या, बियाणं, गुरांचे आजार, तळ्यातले मासे आणि भाऊसाहेबांची, म्हणजे ग्रामसेवकाची (आता ग्रामपंचायत अधिकारी), सही असं त्याचं स्वरूप.

शिक्षणाचं थोडक्यात. गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेत एम.एस्सी. आहे, भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था आहे, इकॉलॉजिकल सोसायटीचा अभ्यासक्रमही आहे. कुठेही शिका, पण भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रातलं किंवा आघारकर संस्थेतलं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, पाहून या. झाड ओळखता येत नसेल तर पुढचं सगळं अडतं.

आता नोंदवही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकांशी बोलून नोंदवही करायची. कित्येक वर्षं हे कागदावरच राहिलं. मग २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना महिना १० लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. एकच धांदल उडाली. शेजारच्या दोन गावांची झाडांची यादी अक्षरशः एक, चुकलेल्या नावांसकट एक, अशा वह्या मी पाहिल्या आहेत. म्हणजे आत्ता येणाऱ्यांना खरं काम आहे ते या वह्या पुन्हा नीट करण्याचं.

नीट म्हणजे कसं? आधी ग्रामसभेचा ठराव, मग बाकीचं. भातलावणीच्या दिवसांत गावात जाऊन बैठक मागू नका. कोणी आलंच तर ते तुमच्यावर उपकार म्हणून. चावडीवर सगळ्यांना एकत्र बसवलं तर चारच पुरुष बोलतात. बायकांशी वेगळं बोला. टाकळा, कुर्डू, भारंगी कोवळी कधी खुडायची, कशात शिजवायची, हे त्यांच्याकडून कळतं. गुराख्याकडून चाऱ्याचं आणि पाणवठ्यांचं. समितीत एक तृतीयांश महिला हव्यात असं नियमच सांगतो, पण वहीवर फक्त सह्या त्यांच्या आणि माहिती सरपंचांची, असंही चालतं. ते चालू देऊ नका.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात गेलात तर हिरडा समजून घ्या. महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून वाळवतात आणि विकतात. कित्येक घरांचं रोख उत्पन्न तेवढंच. ज्या झाडाचे दरवर्षी पैसे होतात त्यावर सहसा कुऱ्हाड पडत नाही. २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात हिरडे उन्मळून पडले, तेव्हा लोकांनी भरपाईसाठी आंदोलनं केली. झाड वनस्पतिशास्त्राचं, प्रश्न पंचनाम्याचा. आपल्या अभ्यासक्रमात हा दुसरा भाग शिकवत नाहीत, आणि शेतात उभं राहिल्यावर लोक पहिल्यांदा तोच विचारतात. भाव कोण ठरवतं, तोलाई कशी होते, व्यापारी किती, हे विचारल्याशिवाय संवर्धनावर बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर्वेला, बारामती-इंदापूरच्या माळांवर, चित्र अगदी वेगळं. तिथे चिंकारा आहे, लांडगा आहे आणि मेंढरं घेऊन फिरणारा धनगर आहे. कंपन्यांच्या पैशाने ‘ओसाड’ माळावर झाडं लावायचे प्रस्ताव येतात, आणि नवख्याला त्यात सामील व्हायचा मोह होतो, कारण फोटो चांगले येतात. खड्डे खणून दाट लागवड केली की गवत मरतं आणि गवतावर जगणारं सगळंच मागे हटतं. धनगराला आधी विचारा. गवत कुठे दाट येतं, लांडग्याची वाट कुठली, हे तो सांगेल. लांडगा त्याची मेंढी नेतो हेही तो सांगेल. ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

देवरायांबद्दल एकच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हापासून पुण्यात त्यांचं आकर्षण आहे. पण देवाच्या धाकाने राई टिकते एवढ्यावर विसंबू नका. जीर्णोद्धार निघाला की सभामंडप मोठा होतो आणि झाडं जातात, तेही भक्तीनेच. बांधकाम समितीतल्या लोकांशी ओळख ठेवणं, हे इथलं संवर्धन आहे.

औषधी वनस्पतींची नेमकी ठिकाणं सोशल मीडियावर टाकू नका. खणून नेणारे वाचत असतात. वैदूने एखादी गोष्ट लिहू नका म्हटलं तर लिहू नका. आणि वही गावातच राहिली पाहिजे, तुमच्या लॅपटॉपमध्ये नव्हे. व्यापारासाठी इथलं जैविक साधन नेणाऱ्यांकडून जैवविविधता समिती शुल्क घेऊ शकते. हे अनेक समित्यांना ठाऊकच नसतं, तेव्हा तेवढं तरी सांगून या.

पैशांचं सांगायचं तर नोकऱ्या प्रकल्पांवर चालतात. प्रकल्प संपला की मधले काही महिने कोरडे जातात. सल्लागार कंपन्या बरे पैसे देतात, पण अहवाल कोणाच्या सोयीचा लिहायचा हा प्रश्न तिथे लवकर समोर येतो. वनसेवेची परीक्षा द्यायची असेल तर गावातला हा अनुभव वाया जात नाही. पैशांचं हे सगळं घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

तोवर फुकटातली सुरुवात दोन ठिकाणी होते. एक, पुण्यातलं गणेशखिंड उद्यान; १८७३ सालचं हे उद्यान २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झालं. तिथे झाडं ओळखायचा सराव करा. दुसरी, कुठल्याही ओळखीच्या गावची ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तिच्या सहसा ठरलेल्या तारखा. सरपंचांना विचारून मागे बसा, आणि जैवविविधता समितीत कोण कोण आहे ते तिथेच विचारा.