मादी सशाचं ऑपरेशन झालं? या चुका टाळा, आणि टाक्यांआधी लेंड्या बघा

आमच्या सशीचं, कापशीचं, गर्भाशय काढायचं ऑपरेशन करून तिला घरी आणलं त्या संध्याकाळी आमच्या घरातले सहाच्या सहा जण तिच्या पोटाकडे बघत होते. टाका सुटला का, रक्त येतंय का, सूज आहे का. टाके एकदम व्यवस्थित होते. तिच्याखाली अंथरलेल्या आजीच्या जुन्या लुगड्यावर मात्र रात्री दहापर्यंत एकही लेंडी पडली नव्हती, आणि ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. गोठ्यात बैलजोडी, दोन गाई, चार बकऱ्या. बकरी आजारी पडली तर काय करायचं हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. गोची तिथेच होते. गाई-बकरीचं आणि कुत्र्याचं शहाणपण आपण सशाला लावतो, आणि सशाचं पोट त्या हिशोबात बसत नाही. गर्भाशय काढलेली सशी जखमेने दगावण्यापेक्षा पोट बंद पडून दगावण्याची भीती जास्त असते.

आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवणं

आम्हाला दवाखान्यातून फोनवर सांगितलं होतं, "रात्री आठनंतर काही देऊ नका." कुत्र्या-मांजरासाठी ते बरोबर आहे, कारण भूल दिल्यावर उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. सशाला उलटी होतच नाही. उलट त्याचं आतडं सतत चारा पुढे ढकलत राहिलं पाहिजे. रात्रभर रिकामं ठेवलं तर ऑपरेशनआधीच ते मंदावतं. सांगणाऱ्या माणसाला सशाचा अनुभव नव्हता, आणि मीही उलट विचारलं नाही. म्हणून तारीख घेण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा: तुम्ही सशांची ऑपरेशनं करता का, किती केली, उपाशी ठेवायचं का, आणि रात्री फोन कोण उचलतो? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बहुतेक गाई-म्हशी आणि बकऱ्याच येतात, त्यात त्यांचा दोष नाही. नागपूरला सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यक महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था, या दोन ठिकाणी आधी चौकशी करून मगच ठरवा.

जाता-येता सोबत तिचा रोजचा चारा न्या. भूल उतरून ती शुद्धीवर आली की तिथेच तोंडासमोर ठेवा.

"झोपू द्या, सकाळी खाईल"

हे आमच्या आजीचं वाक्य. "कायले उठवता तिले? थकली बिचारी." आम्हालाही पटलं. कापशी कोपऱ्यात पाठीचा बाक काढून, डोळे अर्धे मिटून बसली होती. आम्हाला वाटलं गुंगी आहे. जवळ कान नेला तेव्हा दात खाण्याचा करकर आवाज आला. ससा लाडात असतानाही दात हलकेच वाजवतो, पण तो आवाज मऊ असतो. ही करकर दुखण्याची होती. पोट जमिनीला दाबून बसणं, हलायला तयार नसणं, आवडीचा पाला समोर असून तोंड फिरवणं, ही सगळी दुखण्याचीच भाषा. दुखतं म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आतडं थांबतं, गॅस धरतो, मग आणखी दुखतं.

डॉक्टरांना फोन लावला. दुखण्याचं औषध, मेलॉक्सिकॅम, त्यांनी बाटलीत दिलं होतं. मी समजलो इंजेक्शन झालंय तर ते उद्यापासून. चूक माझी. कुठलं औषध किती वाजता, हे दवाखान्यातून निघण्याआधी कागदावर लिहून घ्या. आणि घरी कुत्र्याचं मेलॉक्सिकॅम पडलं असेल तर त्या अंदाजाने देऊ नका, सशाचा डोस वेगळा असतो.

औषध दिलं आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एकेक काडी नाकासमोर धरत बसलो. मेथी, हरळी, परत सांबार. पहाटे साडेतीनला तिने एक पान ओढलं. उजाडता उजाडता लुगड्यावर सात लेंड्या मिळाल्या, मुगाएवढ्या, वाळलेल्या. एरवी तिच्या लेंड्या हरभऱ्याएवढ्या असतात, आणि तब्येतीने बऱ्या सशाच्या दिवसाला दोनशे-तीनशे होतात. सात म्हणजे काहीच नाही. पण घरात दिवाळी झाली.

घरी आल्यावर बारा तास होत आले आणि खाणं नाही, लेंडी नाही, तर सकाळची वाट बघू नका, डॉक्टरांना उठवा. मधल्या वेळात सिरिंजने भरवायचं तर सशाचा गोळीखुराक पाण्यात भिजवून पातळ करा, आणि पुढच्या दातांमागे जी मोकळी जागा असते तिथून बाजूने थेंब थेंब द्या, एक घोट गिळला की दुसरा. एकदम ढकललं तर फुप्फुसात जाईल. पोट ढोलासारखं ताठ लागत असेल किंवा कान बर्फासारखे गार असतील तर भरवणं थांबवा. गार पडलेल्या सशाला आधी ऊब, मग दवाखाना. लाडाने बिस्कीट, पोळी, गूळ, केळं तर नकोच, बंद पडलेल्या पोटात ते आणखी आंबतं. आणि चारा धुऱ्यावरून आणत असाल तर तिथे तणनाशक मारलंय का हे शेजारच्या वावरवाल्याला विचारूनच कापा.

हळद, खोबरेल आणि मेडिकलची कॅप्सूल

"हळद भरा, दोन दिवसात कोरडी होते." पुन्हा आजी. सशी जखम चाटते, लावलेलं सगळं पोटात जातं, आणि तेलावर धूळ बसते ती वेगळीच. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर टाक्यांवर काहीच लावू नका. आंघोळ नाही. लाकडाचा भुसा किंवा कुटारही अंथरू नका, बारीक कण टाक्यात अडकतात. धुतलेलं सुती कापड पुरतं.

याहून मोठा धोका मेडिकलमधून आणलेल्या कॅप्सूलचा. माणसांना सर्रास मिळणारं अमॉक्सिसिलिन सशाच्या तोंडावाटे गेलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरून ससा दगावू शकतो. ज्याच्या नावात "सिलिन" आहे ते तोंडावाटे देऊच नका.

गळ्यात प्लास्टिकचा भोंगाही उठसूट घालू नका. सशाची एक मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घडासारखी लेंडी असते, ती तो थेट तोंडाने उचलून खातो. त्याला ती लागतेच. भोंग्याने तिथवर तोंड पोहोचत नाही. खरंच टाके कुरतडत असेल तरच डॉक्टरांना विचारून घाला.

जखम बघायला तिला उताणी पाडू नका. घाबरून तिने लाथ झाडली तर कणा मोडू शकतो. एकाने मागचा भाग नीट आधाराने धरून पुढचे पाय जरासे उचलावेत, दुसऱ्याने मोबाईल खाली सरकवून फोटो काढावा. रोज एक फोटो, म्हणजे कालच्याशी ताडून बघता येतं. थोडी सूज, गुलाबी कड चालते. पू, वास, ओल किंवा फाकलेली कड दिसली की तोच फोटो डॉक्टरांना पाठवा.

मे महिना आणि माश्या

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि सशाला तिशीच्या पुढेच त्रास सुरू होतो. घाई नसेल तर ऑपरेशन हिवाळ्यात करा. पण हिवाळ्यात ऑपरेशननंतरची पहिली रात्र भुलेच्या अमलामुळे सशाला थंड जाते. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा, नको वाटलं तर तिला सरकता आलं पाहिजे. शेकोटीजवळ नेऊ नका, धूर तिला सोसत नाही.

गोठा जवळ असेल तर माश्या ठरलेल्या, पावसाळ्यात तर विचारूच नका. ओल्या जखमेवर किंवा घाण लागलेल्या शेपटीखाली माशीने अंडी घातली की दिवसभरात अळ्या होतात. बैलाच्या जखमेत आपण टर्पेंटाइन ओततो, ते सशावर चालत नाही. कुत्र्याच्या गोचिडांचा फिप्रोनिलचा स्प्रेही त्याला विषारी आहे. मच्छरदाणी लावा, कापड दिवसातून दोनदा बदला, मागची बाजू सकाळ-संध्याकाळ बघा.

घरात नर असेल तर जखम भरेपर्यंत वेगळा ठेवा, पण जाळीतून दिसेल, वास येईल असा.

चौथ्या दिवशी कापशीने छातीचे केस उपटून तोंडात धरले आणि कोपऱ्यात नेऊन ठेवले. "हिले पिल्लं होतात काय आता?" आजी म्हणाली. होत नाहीत. अंगातले हार्मोन उतरायला वेळ लागतो, तोवर काही सशा अशी घरटी करतात. टाक्यांजवळचे केस उपटत नाही ना, एवढंच पाहायचं. दहाव्या दिवशी टाके काढले तेव्हाही तो कापूस कोपऱ्यात होता. आजीने झाडताना तेवढा कोपरा सोडला.