करार मोडणाऱ्या भाडेकरूकडून घराचा ताबा रीतसर कसा घ्यावा

ठाण्यातील घोडबंदर रोड किंवा नवी मुंबईतील ऐरोली, खारघर येथील फ्लॅट बहुधा अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिले जातात. बोलताना आपण त्याला भाडेकरार म्हणत असलो, तरी कायद्याच्या दृष्टीने तो घर वापरण्याचा परवाना असतो आणि पुढची सारी प्रक्रिया याच भेदावर ठरते. म्हणून भाडे थकले, परस्पर पोटभाडेकरू ठेवला किंवा राहत्या घरात व्यवसाय थाटला, असे आढळल्यास प्रथम करारनामा काढून नोटिशीची मुदत, लॉक-इन कालावधी (ज्या काळात करार मध्येच सोडता येत नाही) आणि करार रद्द करण्याचे कलम शांतपणे वाचावे.

करार नोंदवलेला आहे ना, हेही याच वेळी पाहावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लेखी करार आणि त्याची नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी असून, नोंदणी नसेल तर करारातील अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणीचा थोडा खर्च वाचवणाऱ्याला तो असा महागात पडतो.

त्यानंतर लेखी नोटीस द्यावी. तिच्यात कराराची तारीख व नोंदणी क्रमांक, मोडलेले कलम, थकबाकीचा महिनावार हिशेब आणि घर सोडण्याची तारीख स्पष्ट लिहावी व ती पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावी. व्हॉट्सॲपवरही पाठवायला हरकत नाही, पण निव्वळ त्यावर विसंबू नये. नोटीस दिल्यानंतरही जुन्या करारावर भाडे घेत राहिल्यास करार चालूच होता, असे म्हणायला भाडेकरूला वाव मिळतो. त्यामुळे पैसे घ्यायचेच असतील तर ते थकबाकीपोटी घेतल्याचे लिहून द्यावे.

कराराची मुदत संपूनही घर सोडले नाही, तर याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे असे अर्ज निकाली काढण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. ठाणे आणि नवी मुंबई ही शहरे कोकण महसूल विभागात येत असल्याने तेथील अर्ज त्या विभागाच्या प्राधिकाऱ्याकडे करावा. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूने बचावाची परवानगी मागणारे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि मुदतीनंतर ताबा धरून ठेवल्यास करारातील भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई देय होते. मात्र हे कलम मुदत संपण्याशी बांधलेले आहे. मुदत चालू असतानाच करार रद्द करायचा असेल, तर आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. करार संपायला दोन-तीन महिनेच उरले असतील, तर माझ्या मते थांबणे अधिक शहाणपणाचे ठरते.

कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे, सोसायटीला सांगून पाणी तोडणे, असले सल्ले इस्टेट एजंट आणि शेजारी हमखास देतात. ते ऐकू नयेत. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 29 नुसार पाणी-विजेसारख्या आवश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय बंद करता येत नाहीत, आणि बळाने बाहेर काढलेला माणूस विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा लावू शकतो. म्हणजे बाजू आपली खरी असूनही आरोपीसारखे उभे राहावे लागते.

समजुतीने प्रश्न सुटल्यास ताबापावती करून घ्यावी. महावितरणच्या मीटरचे रीडिंग, गॅसचे बिल, भिंती व फर्निचरची स्थिती आणि किल्ल्यांची संख्या त्यात नोंदवावी, दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि सर्व किल्ल्या हातात आल्यावरच, थकबाकी वजा करून, उरलेले डिपॉझिट बँकेमार्फत परत करावे.