कॅम्पसवर छोटं खोदकाम करताना या चुका टाळा

2023 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत जाळीचे झोपाळे बांधायला खांब रोवायचे होते. खड्डे खणताना खाली टणक काहीतरी लागलं आणि काम अडलं. विद्यापीठाच्या पुरातत्त्व पथकाने पाहिलं, तर तो 1881 मधल्या वेधशाळेचा पाया निघाला. कॅम्पसवरची ती पहिली वेधशाळा. ‘दगड असेल, हातभर सरकून खणा’ असं कुणी म्हटलं असतं तर ती तशीच गाडलेली राहिली असती.

म्हणून ‘केवढासा तो खड्डा!’ असं म्हणणं आधी सोडा. मोठ्या इमारतीआधी पाहणी सहसा होते. निसटतात ती दिव्याचे खांब, झाडं, पाइप, पायवाटा यांची कामं. त्यांची यादी पथकाकडे आधीच द्या आणि त्यांचा माणूस जेसीबीच्या आधी साइटवर येऊ द्या. खड्डा झाल्यावर बोलावलं तर तो फक्त ढिगारा चाळणार.

सर्वांत घातक वाक्य म्हणजे ‘इथे आधीच पाइपलाइन आहे, खाली काय उरलं असणार?’ पुष्कळ उरतं! जुना चर हात-दीड हात रुंद असतो. त्याच्या दोन्ही कडांत मातीचे थर शाबूत असू शकतात. भराव उपसल्यावर कड थापीने तासून घ्या, मोजपट्टी धरून फोटो काढा, खोली लिहा, मगच चर बुजवा. कडेत राखेची काळी रेघ दिसली तर तिला कचरा समजू नका. याच विद्यापीठाचं ‘सेंट्स रेस्ट’ हे पहिलं वसतिगृह 1876 मध्ये जळालं. अशा आगीची खूण जमिनीत कोळसा, खिळे, वितळलेली काच अशीच उरते.

जेसीबीची बकेट दातांची नको, सपाट धारेची घ्या. वस्तू दिसली की उपटू नका. ती कोणत्या थरात होती हे कळलं नाही, तर हातात नुसती बाटली उरते.

हाडं दिसली तर काम जागीच थांबवा. ती जनावराची आहेत असं स्वतः ठरवू नका, पोलिसांना कळवा. व्हर्जिनिया विद्यापीठात 2012 मध्ये दफनभूमी वाढवण्याआधी तपासणी झाली, तेव्हा तिच्या बाहेर 67 कबरी आढळल्या. तिथे राबलेल्या गुलाम माणसांच्या त्या असाव्यात. आधी तपासलं म्हणून त्या वाचल्या.

काम थांबण्याचे दिवस निविदेतच धरा. नाहीतर उशिराचा दंड ठेकेदाराच्या डोक्यावर बसतो आणि दिसलेली वीट मुकाट्याने मातीआड जाते.