गुडघ्याचं ऑपरेशन: आधी सरळ, मग वाकवणं

गुडघ्यात कृत्रिम सांधा बसवण्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की नातेवाईक सांगायला लागतात, "आता पायाला त्रास देऊ नका, आराम करा." हे ऐकू नका. मधले आठवडे मांडीचा स्नायू तयार करायचे आहेत. उताणं झोपून पाय लांब करा, गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबा, पाच अंक मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. मी नाशकात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. हा व्यायाम आधीपासून केलेला पेशंट वॉकर धरून उभा राहिला की लगेच ओळखू येतो.

बाकीची तयारी डॉक्टर सांगतातच: साखर आटोक्यात, किडलेल्या दातावर आधीच उपचार, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची माहिती, मिश्री-तंबाखू बंद. पंचवटीतल्या किंवा भद्रकालीतल्या जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहत असाल, तर सुरुवातीचे आठवडे पलंग खाली हलवा. घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणा. बिलात कृत्रिम सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने तिच्यावर कमाल मर्यादा घातली आहे.

दवाखान्यातले दिवस निभावतात. वॉकरवर उभं करतात, थोडं चालवतात. पडल्यापडल्या घोटे वरखाली हलवत राहा.

खरी कसोटी घरी आल्यावर लागते. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "किती वाकतो? नव्वद अंश झाला का?" पाय सरळ होतो का, हे कुणीच विचारत नाही. माझं मत पक्कं आहे: सुरुवातीला वाकण्यापेक्षा सरळ होण्याला जास्त जपा. ऑपरेशननंतर सांध्यात सूज असते. गुडघा किंचित वाकवून ठेवला की आतला दाब कमी होतो आणि बरं वाटतं. म्हणून पेशंट तसाच पडून राहतो, आणि घरचं माणूस मायेने गुडघ्याखाली उशी सरकवतं. ती उशी काढा. रात्रीसुद्धा काढा. पाय तसाच आखडला तर चालताना लंगड राहते, कंबर धरते, दुसऱ्या गुडघ्यावर भार येतो. महिने उलटले की आतले व्रण घट्ट होतात, आणि मग व्यायामाला फारसं यश येत नाही.

उशीऐवजी टाचेखाली टॉवेलची जाड गुंडाळी ठेवा. गुडघा अधांतरी राहू द्या, आपल्याच वजनाने खाली येऊ द्या. सुरुवातीला पाच मिनिटं, मग दहा; दिवसातून चार-पाच वेळा. त्यानंतर वर सांगितलेला दाबण्याचा व्यायाम. दुखेल, मांडी थरथरेल, ते चालतं. पण दुसऱ्या माणसाने गुडघ्यावर हात ठेवून जोर द्यायचा नाही. मुलगा कितीही हौसेने मदतीला आला तरी नाही.

डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी घ्या. "सहन होतंय, गोळी कशाला" म्हणणारे पेशंट व्यायामच अर्धवट सोडतात. नंतर फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं बर्फ लावा. थंडीत बर्फ नको म्हणून शेकोटीजवळ पाय धरणारे मी डिसेंबरात दरवर्षी पाहते. ताज्या ऑपरेशनला ऊब देऊ नका, सूज वाढते. तेलाने चोळणं तर अजिबात नको.

प्रगती घरीच तपासा. पाय लांब करून सपाट, कडक जागेवर बसा आणि गुडघ्याच्या मागे हाताचा पंजा सरकवून पाहा. दिवसागणिक फट कमी व्हायला हवी. ती आठवडाभर तशीच राहिली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा.

वाकवण्याचं तंत्र सोपं आहे: खुर्चीत बसून पाऊल जमिनीवरून मागे सरकवा. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा.

पोटरी अचानक सुजून दुखली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप चढला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर त्याच क्षणी.

सप्तशृंगी गडावर कधी जाता येईल, हे मला हमखास विचारतात. डॉक्टरांनी होकार दिल्यावर जा, पण पहिल्या खेपेला पायऱ्या सोडून ट्रॉलीनेच वर जा.