वर्गणीदारांची वही आपल्याच हातात राहावी म्हणून

वर्डप्रेसवरच्या साइटवर वर्गणीदार सांभाळायला कोणतं प्लगिन, म्हणजे साइटला जोडायचा तयार प्रोग्रॅम, घ्यायचं हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. एक कोरा कागद घ्या आणि वर्गणीदार येतो तिथपासून जातो तिथपर्यंतचा त्याचा प्रवास लिहून काढा: नाव नोंदवलं, पैसे भरले, पहिला अंक उघडला, वर्गणी संपत आली, पुन्हा भरली किंवा नाही भरली. सदाशिव पेठेतल्या एका छोट्या मासिकाची ऑनलाइन आवृत्ती मी सांभाळतो. हा कागद न करताच आम्ही प्लगिन विकत घेतलं आणि वर्षभरात दुसऱ्यावर जावं लागलं. वर्गणी संपल्यावर जुने अंक वाचता यावेत की नाही, हेच ठरलेलं नव्हतं. ज्या काळाचे पैसे भरले त्या काळातले अंक कायम उघडे राहावेत, असं मला मनापासून वाटतं. घरी आलेला छापील अंक आपण परत मागायला जात नाही. पण बहुतेक प्लगिनांचा हिशोब सरळ असतो, सभासदत्व चालू तर सगळं उघडं, संपलं की सगळं बंद. म्हणून तुमचा नियम आधी ठरवा आणि तो त्या प्लगिनमध्ये बसतो का, हे पैसे मोजण्याआधी करून पाहा.

मग पैशांची वाट. वाचकाचे ऑनलाइन पैसे आपल्यापर्यंत पोचवणारी सेवा म्हणजे गेटवे. परदेशी प्लगिनांत स्ट्राइप आणि पेपाल हे गेटवे बहुधा तयार असतात, आपल्याकडच्या गेटवेसाठी मात्र वेगळा ॲड-ऑन, म्हणजे प्लगिनला जोडायचा भाग, लागतो. तो कोण बनवतं, शेवटचा अपडेट कधी आला आणि त्यात दर वर्षी आपोआप वर्गणी कापली जाण्याची सोय आहे की फक्त एकदाच पैसे भरता येतात, हे नीट विचारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना जावी लागते, आणि आपल्यासारख्या वर्गणीसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यापुढे लागतो. यूपीआयवरून आपोआप पैसे कापले जाण्याची सोय, यूपीआय ऑटोपे, २०२० पासून आहे. तरीही आमचे कितीतरी वाचक दर वर्षी स्वतःच्या हाताने पैसे भरणंच पसंत करतात. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला आलेले आजोबा वाटेत कार्यालयात डोकावतात आणि टेबलावर रोख ठेवून पावती मागतात. त्यांचं नाव, वर्गणी सुरू झाल्याची आणि संपण्याची तारीख तुम्हाला हाताने टाकता आली पाहिजे. ज्या प्लगिनमध्ये हे जमत नाही ते पुण्यातल्या मासिकाने घेऊ नये.

नावांचा घोळ फार घालू नका. पेड मेंबरशिप्स प्रो हे मूळ प्लगिन फुकट आहे, लेख आणि अंक एवढंच असेल तर तिथून सुरुवात करा. मेंबरप्रेसला दर वर्षी लायसन्स लागतं. वूकॉमर्सवर, म्हणजे वर्डप्रेसवर दुकान चालवायच्या प्लगिनवर, आधीच पुस्तकविक्री असेल तर त्याच घरात राहणं सोयीचं, पण तिथे मेंबरशिप्स आणि सबस्क्रिप्शन्स ही दोन वेगळी विकतची एक्स्टेन्शन्स आहेत, हे बजेट मांडताना लक्षात असू द्या. लायसन्स संपल्यावर नक्की काय काय बंद पडतं, हे विक्रेत्याला लेखी विचारून घ्या. जीएसटीचं सीएशी बोला. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा सर्वसाधारणपणे वर्षाला २० लाख उलाढालीची आहे, पण तुमचा दर आणि पावतीचा नमुना त्यांनीच ठरवावा.

आता कुलूप खरंच लागतं का ते पाहा. यावर एक अख्खी दुपार खर्च करा. ब्राउझरच्या खाजगी खिडकीतून, लॉगिन न करता, बंद लेख उघडा. मग साइटचा आरएसएस फीड, म्हणजे नव्या लेखांची आपोआप निघणारी यादी, उघडून त्यात तो लेख दिसतो का बघा, साइटच्या शोधपट्टीत त्यातलं एखादं वाक्य टाका, आणि अंकाच्या पीडीएफचा थेट पत्ता दुसऱ्या फोनवर उघडून पाहा. पान बंद आणि फाइल उघडी, हे फार वेळा होतं, कारण अपलोड फोल्डरमधली फाइल वर्डप्रेसला न विचारताच सर्व्हर देऊन टाकतो. कॅशिंग, म्हणजे साइट वेगवान व्हावी म्हणून पानांच्या तयार प्रती साठवणं, चालू असेल तर लॉगिन केलेल्यांना त्यातून वगळा, नाहीतर एकाचं पान दुसऱ्याला दिसेल. आणि टेस्ट साइटवर, म्हणजे चाचणीसाठी ठेवलेल्या साइटच्या प्रतीवर, प्लगिन मुद्दाम निष्क्रिय करून बघा. बहुतेक वेळा सगळा मजकूर सगळ्यांना उघडा होतो, कारण कुलूप त्या प्लगिननेच लावलेलं असतं. एखाद्या अपडेटनंतर प्लगिन बंद पडलं, तर तुमच्याकडेही तसंच होईल.

छोट्या पण छळणाऱ्या गोष्टी एका दमात सांगतो. साइटचा टाइमझोन कोलकाता ठेवा, नाहीतर मध्यरात्री संपायची वर्गणी सकाळी साडेपाचला संपते. वर्डप्रेसचं क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं करणारी सोय, कुणी साइटवर आलं तरच चालतं, म्हणून आठवणीच्या ईमेलसाठी सर्व्हरवरून खरं क्रॉन लावा. ईमेल एसएमटीपीमधून, म्हणजे रीतसर मेल सर्व्हरवरून, पाठवा आणि डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम या ईमेल खरंच तुमचाच असल्याची खूण देणाऱ्या नोंदी करून घ्या. टेस्ट साइटवर गेटवेच्या टेस्ट कीज, म्हणजे खरे पैसे न कापणाऱ्या चाचणीच्या किल्ल्या, आहेत ना, हे दोनदा पाहा. मोठे अपडेट दिवाळी अंकाच्या आठवड्यात करू नका, आणि दुरुस्तीसाठी वीज जाते त्या गुरुवारीही नको.

माझा सगळ्यात जास्त आग्रह वहीचा आहे. दर महिन्याच्या १ तारखेला सभासदांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात, उतरवा. त्यात नाव, ईमेल, योजना, सुरुवात, शेवट आणि गेटवेवरचा सबस्क्रिप्शन क्रमांक हवाच. हा क्रमांक नसेल तर प्लगिन बदलताना कोणतं मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, कुणाचं, ते जुळत नाही. देवनागरी नावं एक्सेलमध्ये भलतीच चिन्हं होऊन दिसली तर फाइल यूटीएफ-८ या अक्षरपद्धतीत आयात करा. फाइल पासवर्डखाली ठेवा, कारण ती लोकांची माहिती आहे.

शेवटी दहा रुपयांची योजना बनवा, आपल्याच कार्डावरून भरा, आणि मग रद्द करा. रद्दचं बटण वाचकाला न विचारता सापडलं पाहिजे. त्यानंतर गेटवेच्या डॅशबोर्डवर जाऊन मँडेट खरंच थांबलंय का ते बघा, कारण प्लगिनमधून सभासद काढला म्हणून तिकडची वसुली आपोआप थांबेलच असं नाही. आमच्याकडे एका निवृत्त शिक्षिकाबाईंची वर्गणी रद्द करूनही पुन्हा कापली गेली होती. तेव्हापासून रद्द झालेली प्रत्येक वर्गणी मी गेटवेवर जुळवतो, आणि पैसे चुकून गेलेच तर वाचकाचा फोन यायच्या आत परत पाठवतो.